पब, पेटी आणि युनियन : मँचेस्टरच्या एका जुन्या मद्यगृहाच्या निमित्ताने

इंग्लंडातील कामगार संघटनांचा इतिहास वाचायला घेतला, की पहिल्या दीडशे वर्षांत पानोपानी दारूचे गुत्ते भेटतात. शिंप्यांची सभा गुत्त्यात, टोपी बनविणाऱ्यांची वर्गणी गुत्त्यात, सुतारांच्या संघाची पेटी गुत्तेवाल्याच्या कपाटात. आमच्याकडे ज्यांनी कामगारांत काम केले त्यांना हे वाचताना अवघडल्यासारखे होते. गुत्ता हा कामगाराचा वैरी, हे आमच्या चळवळीचे बाळकडू. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर एका अंगाला व्याजाचा पठाण उभा, दुसऱ्या अंगाला ताडीचे दुकान उघडे, आणि या दोहोंच्या मधून नवऱ्याचा पगार शाबूत घरी नेण्यासाठी पदर खोचून आलेली बाई, हे चित्र गिरणगावातील जुन्या माणसांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितले आहे की ते डोळ्यांपुढून हलत नाही. मग जिच्या बळावर कामगार माणसासारखा जगू लागला, ती संघटना वैऱ्याच्याच ओसरीवर कशी जन्मली? हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे होता. पुस्तकांतून त्याचे अर्धे उत्तर मिळाले. उरलेले, थोडे अनपेक्षित, एका पबात बसून सुचले.

२०२५ साली मँचेस्टरला जाण्याचा योग आला. निमित्त कामगारांच्या एका परिषदेचे होते. ती आटोपल्यावर एक दिवस मोकळा राहिला. छापखान्यात हयात घालवलेले एक निवृत्त स्थानिक कार्यकर्ते सोबतीला होते. त्यांनी सकाळी पीपल्स हिस्टरी म्युझियममधील युनियनांची जुनी निशाणे दाखवली. केवढाली ती रेशमी निशाणे, आणि त्यांवर रंगवलेले ते हातात हात, मधमाश्यांचे पोळे, हातोडे नि ऐरणी! दुपारी ते म्हणाले, “निशाणे पाहिलीत. आता निशाण सभा संपल्यावर जिथे गुंडाळून ठेवत, त्या जातीची जागा पाहा.” आणि आम्हांला रॉचडेल रोडवरच्या ‘मार्बल आर्च’ नावाच्या पबात घेऊन गेले.

पब हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप. म्हणजे सार्वजनिक घर. आमच्याकडे सार्वजनिक हा शब्द सभेला लागला, काकांना लागला, गणेशोत्सवाला लागला; तिकडे तो दारूच्या दुकानाला लागला. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या देशात वर्षातले आठ महिने उघड्यावर बसण्याची सोय नाही, आणि ज्या काळात कामगाराच्या घरी एका खोलीत सात माणसे व चूल, त्या देशात त्या काळी विस्तव पेटलेली, दिवा लावलेली आणि चार पैशांत दोन तास बसू देणारी दुसरी जागा कोणती होती? चर्च होते, पण तिथे बोलण्याचा अधिकार एकट्याला.

मार्बल आर्च हा १८८८ साली बांधलेला पब. हार्परहे येथील मॅकेना यांच्या ब्रुअरीने तो डार्बिशर अँड स्मिथ या वास्तुकारांकडून बांधून घेतला. रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत, खालचा मजला तांबूस ग्रॅनाइटचा. आत शिरल्यावर मात्र माणूस क्षणभर थबकतो. भिंती चकचकीत विटांनी मढवलेल्या. छत बुटक्या कमानींचे, तेही तशाच विटांचे. आणि भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी फिरणारी पट्टी, तिच्यात निरनिराळ्या मद्यांची नावे कायमची भाजून बसवलेली. हा सारा थाट मधल्या काळात झाकून टाकला होता. पुढे कोणाला तरी सुबुद्धी झाली आणि आतले छत पुन्हा उजेडात आले. सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे फरशी. मोझेकची ती सुंदर फरशी बारच्या दिशेने उतरती आहे. न पिता चालतानाही पाय आपोआप गल्ल्याकडे वळतात. आमचे स्नेही म्हणाले, “भांडवलशाहीचा सबंध सिद्धांत या फरशीत आहे.” आम्ही दारू घेत नाही, म्हणून जिंजर एलची बाटली मागवली, ती आणायलाही त्या उतारावरूनच जावे लागले.

या वस्तीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शेजारच्या गूल्ड स्ट्रीटवर शहराचा गॅसचा कारखाना होता. थोडे खाली उतरले की एंजल मेडो. नाव देवदूतांच्या कुरणाचे आणि वस्ती मँचेस्टरमधली सर्वांत हलाखीची. तरुण एंगल्सने १८४५ सालच्या आपल्या ग्रंथात या जुन्या मँचेस्टरचे जे वर्णन केले ते वाचून आजही शिसारी येते. कापसाने हे शहर उभे केले आणि कापूस पिंजणाऱ्या-कातणाऱ्यांना या तळघरांत राहावे लागले. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली सूतगिरणी काढण्याचा उद्योग आरंभला, त्या धंद्याची यंत्रे, कारागीर आणि वाईट सवयी या लँकेशायरमधूनच मुंबईला आल्या. तेव्हा मँचेस्टर हे आम्हां गिरणीवाल्यांना अगदीच परके गाव नव्हे. ते आमचे आजोळ. प्रेमळ नसले तरी आजोळच.

१९९७ साली या पबाच्या मागच्या भागात एक लहानशी बिअरची भट्टी घातली गेली आणि मार्बल ब्रुअरी सुरू झाली. पुढे भट्टी दुसरीकडे हलली. आम्ही गेलो तेव्हा फळ्यावर खडूने दहा-बारा बिअरींची नावे, प्रत्येकीतील मद्याचे प्रमाण, खाली चीजच्या तबकाचे वर्णन असा मजकूर होता. बसलेली मंडळी बहुतेक तरुण, कचेरीतून आलेली. कोपऱ्यात दोन म्हातारे मात्र असे बसले होते, की त्यांना बांधकामाच्या वेळीच तिथे बसवले असावे. एका पिंटची किंमत जवळजवळ अर्ध्या तासाच्या किमान वेतनाएवढी पडत होती. एप्रिल २०२५ पासून तिथे प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स ठरले होते. सरळ सांगायचे तर गॅसच्या भट्टीत कोळसा ढकलणाऱ्यासाठी बांधलेली जागा आता आकड्यांचे काम करणाऱ्यांची झाली होती. पण जागा देखणी ठेवली होती, आणि नुसत्या हळहळीने तिचा इतिहास समजत नाही.

हा पब कुठल्या युनियनचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध नाही. १८८८ हे साल तसे उशिराचे. संघटना आणि गुत्ता यांची गाठ पडली ती याच्या पावणेदोनशे वर्षे आधी. १७२१ साली लंडनच्या मालक शिंप्यांनी पार्लमेंटकडे तक्रार केली, की सात हजारांहून अधिक शिंपी कामगारांनी एकी केली असून मजुरी वाढवून द्या आणि संध्याकाळी एक तास आधी सोडा, असा आग्रह धरला आहे. ही एकी कुठे झाली? ज्यांना ‘हाउस ऑफ कॉल’ म्हणत त्या पबांत. शब्दाचा अर्थ साधा आहे : जिथून बोलावणे येते ते घर. बेकार कारागीर सकाळी त्या पबात जाई, तिथल्या वहीत नाव लिही. मालकाला माणूस हवा असला की तो त्याच पबात निरोप धाडी, आणि वहीतल्या क्रमाने माणूस पाठवला जाई. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती धंद्याची नाडी. शिंप्यांनी ती वही आपल्या हाती ठेवली. मजुरी पडती असेल तर वहीतून माणूसच जाणार नाही! त्या साली पार्लमेंटने कायदा करून ही एकी बेकायदा ठरवली. वही मात्र बंद पडली नाही.

याच पबात संघाची पेटी असे. पेटीला तीन कुलपे, तीन किल्ल्या तीन माणसांकडे, म्हणजे एकट्याला उघडता येऊ नये. आजारपण, मयत, हत्यारे चोरीस जाणे, यांसाठीचा पैसा त्यात. पुढे १७९९ आणि १८०० साली कामगारांच्या एकीवर सरसकट बंदी घालणारे कायदे झाले, ते १८२४ पर्यंत टिकले. त्या पंचवीस वर्षांत कित्येक संघ बाहेरून परस्पर साहाय्य मंडळी आणि आतून युनियन असे दुहेरी जगले. दारात बिअर, माडीवर वर्गणी. दंडाधिकाऱ्याला संशय आला तर तो पबवाल्याचा परवाना रद्द करी; त्यामुळे पबवाल्याचे धैर्य हीसुद्धा चळवळीची एक पुंजी होती. तिची नोंद आमच्या इतिहासांत फारशी केली जात नाही.

भटक्या कारागिरांची रीत तर फार हृद्य आहे. गावात काम नसले, की सभासद संघाचे कार्ड घेऊन पायी निघे. पुढच्या गावी ठरलेल्या पबात कार्ड दाखवले की रात्रीचे जेवण, बिछाना, थोडी बिअर आणि पुढच्या टप्प्यापुरते पैसे मिळत. गावात काम असेल तर कळे. नसेल तर सकाळी पुढे. संप चालू असेल तेव्हा तरुण सभासदांना असेच वाटेला लावत, म्हणजे पेटीवर भार कमी आणि मालकाला फोडायला माणूस नाही. दगडफोडे, छापखान्यातले जुळारी, टोपीवाले अशा किती धंद्यांतील माणसांनी अख्खा देश या पबांच्या आधाराने पालथा घातला. वारकऱ्याला जसे मुक्काम ठरलेले, तसे यांचे. ‘ब्रिकलेअर्स आर्म्स’, ‘कार्पेंटर्स आर्म्स’, ‘मेसन्स आर्म्स’ अशा पाट्या इंग्लंडात जागोजाग दिसतात त्यांतल्या कित्येक या काळाची आठवण आहेत.

आता नाण्याची दुसरी बाजू. पबवाला सभेच्या खोलीचे भाडे घेत नसे, हे खरे. पण दर सभेला प्रत्येकाने अमुक इतकी बिअर घेतलीच पाहिजे, असा करार असे. याला ‘ओले भाडे’ म्हणत. संघाच्या वर्गणीतला ठराविक भाग पिण्यासाठी, असे नियमच छापलेले असत. आणि जिथे वही कामगारांच्या नव्हे तर पबवाल्याच्या हाती गेली, तिथे काय झाले हे लंडनच्या कोळसा उपसणाऱ्या हमालांच्या कहाणीत दिसते. जहाजाच्या तळातून कोळसा वर काढण्याचे काम ते करीत. जहाजावर माणसे पुरवण्याचा ठेका नदीकाठच्या पबवाल्यांनी बळकावला. मग जो जास्त पिणार त्याला आधी काम. काम मिळण्यापूर्वी पिणे, कामावर असताना पिणे, काम संपल्यावर पगार पबातच मिळणार म्हणून पुन्हा पिणे. आणि प्यायला नाही तरी बिअरचे पैसे कापलेलेच! अखेर १८४३ साली कायदा करून या हमालांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कचेरी काढावी लागली. १८४९ मध्ये हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आम्ही माणसांत आलो, असे हमालांनी त्याला सांगितले. तो कायदा १८५६ साली संपू दिला गेला.

गिरणगावातील कोणाही जुन्या माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. पबवाल्याच्या जागी आमचा जॉबर घाला म्हणजे झाले. बदलीचे काम देणारा तोच, खोली मिळवून देणारा तोच, उसने देणारा तोच आणि कित्येकदा गुत्त्याशी हातमिळवणी केलेलाही तोच. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने या जॉबरशाहीवर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. मात्र एक फरक ठळक आहे. मुंबईची युनियन गुत्त्यात जन्मली नाही. तिला बसायला गावकीचे गाळे होते, तालमी होत्या, भजनी मंडळे होती, परळचा दामोदर हॉल होता, कामगार मैदान होते, आणि खानावळी होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १० जून १८९० पासून. त्यासाठीच्या सभा उघड्या मैदानात भरल्या. हवा उबदार असण्याचा हा एक लाभ!

इंग्लंडातील संघटना पबातून बाहेर कशी पडली, हे थोडक्यात सांगतो. १८३० च्या बिअर कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा दिली आणि वर्षभरात वीस हजारांवर नवी बिअरची दुकाने निघाली. त्याच्या उलट १८३२ साली लँकेशायरमधल्याच प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहा साथीदारांनी दारू न पिण्याची शपथ घेतली. ही मंडळी कारागीर, दुकानदार वर्गातली. पुढच्या पिढीतील कामगार पुढाऱ्यांवर या शपथेचा पगडा मोठा आहे. केर हार्डी पीत नसे, जॉन बर्न्स पीत नसे. १८६८ च्या जून महिन्यात ट्रेड्स युनियन काँग्रेसची पहिली बैठक मँचेस्टरमध्ये झाली ती पबात नव्हे, तर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे चौतीस प्रतिनिधी जमले होते. सभ्य इमारत, व्यासपीठ, निबंधवाचन. चळवळ ओसरीवरून दिवाणखान्यात आली. तरीही गंमत पाहा : १८८९ च्या लंडन गोदी कामगारांच्या थोर संपाची कचेरी पॉप्लरमधील ‘वेड्स आर्म्स’ या पबातच होती, आणि तिथे बसून न पिणारा जॉन बर्न्स लाखाच्या सभांची आखणी करीत होता. तासाला सहा पेन्सची मागणी त्यांनी जिंकली. जागेचा धर्म तिथे बसणाऱ्यावर ठरतो, असे आम्हांला यावरून वाटते.

पण बाहेर पडण्याचे खरे कारण पुढाऱ्यांची शपथ नव्हे. ते बायकांत आहे. लँकेशायरच्या मागशाळांत बायकाच अधिक, आणि विणकरांच्या युनियनांत सभासदही पुढे त्याच अधिक. सभा पबात भरली, की चारित्र्य जपणारी बाई घरी राहणार. तेव्हा जिला सर्वांत कमी मजुरी तिचाच आवाज सभेत नाही. १८७४ साली एमा पॅटरसनने बायकांच्या संघटनेसाठी लीग काढली. पबाबाहेर बसण्याची सोय हा बायकांच्या दृष्टीने आधी संघटनेचा प्रश्न होता, नीतीचा नंतर.

कायदाही मागोमाग आला. खाणकामगारांना पबात पगार देण्यास १८४२ साली मनाई झाली. १८८३ साली ती मनाई सर्व कामगारांना लागू झाली. १९४९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वेतनाच्या संरक्षणाचा करार केला, त्याच्या तेराव्या कलमातही मद्यगृहात पगार वाटू नये असे आहे. आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे. १८८३ चा कायदा घ्या किंवा १९४९ चा करार, दोहोंत एक अपवाद सापडतो : खुद्द पबात काम करणाऱ्याचा. त्याला पगार पबातच मिळणार. दुसरीकडे कुठे मिळेल बिचाऱ्याला? अपवाद तर्कशुद्ध आहे. परंतु मार्बल आर्चमध्ये बसलो असताना आमच्या मनात आले, की पबाच्या या सगळ्या इतिहासात आम्ही टेबलाशी बसलेल्या कामगाराचा माग काढीत आलो. बारच्या पलीकडे उभा असलेला कामगार कुठल्याच पानावर दिसला नाही. तो नेहमी अपवादात.

अपवादातली ही माणसे एकदा मँचेस्टरमध्येच रस्त्यावर आली होती. १९०८ साली सरकारने परवान्यांसंबंधी जे विधेयक आणले, त्यातल्या एका कलमाने बायकांना पबात नोकरीला ठेवण्यास दंडाधिकाऱ्यांना मनाई करता आली असती. हेतू उदात्त : दुबळ्या स्त्रीजातीला पापाच्या जागेपासून दूर ठेवणे. हजारो बारमेडांची भाकरी जाणार होती, तिची चिंता कोणाला नव्हती. ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर या मँचेस्टरमध्ये कामगार बायकांची संघटना बांधणाऱ्या दोघींनी बारमेडांची बाजू घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वायव्य मँचेस्टरची पोटनिवडणूक होती आणि उमेदवार होता विन्स्टन चर्चिल. ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स मार्कीविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी हाकीत शहरभर फिरली. चर्चिल ४२९ मतांनी पडला. त्याच्या पराभवाची कारणे अनेक होती, हे खरे. पण ते कलमही पुढे टिकले नाही.

हे ऐकून कोणाला आपल्याकडची आठवण झाली नाही तर नवल. २००५ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डान्स बारवरील बंदी एकमताने मंजूर केली. सभागृहात एवढे एकमत कामगारांच्या पगारावर कधी झालेले नाही! बारमधील बायकांनी आपली युनियन काढली, मोर्चे काढले, त्या न्यायालयात गेल्या. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. मद्य विकल्या जाणाऱ्या जागी बायकांना नोकरी करण्यास मनाई करणारे दिल्लीतील जुने कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच रद्द केले होते. इंग्लंडातील बारमेडांना जे १९०८ मध्ये मिळाले ते आमच्याकडे यायला नव्व्याण्णव वर्षे लागली.

आता त्या ‘क्राफ्ट’ शब्दाकडे वळतो. १८८८ मध्ये ब्रुअरीच स्वतः पब बांधू लागली होती, म्हणजे पबवाला स्वतंत्र राहिला नाही. मालक सांगेल ती बिअर विकणे हेच त्याचे काम. विसाव्या शतकात या ब्रुअऱ्या एकमेकींना गिळत गेल्या, बिअर देशभर एकाच चवीची झाली. त्याविरुद्ध १९७१ साली चार मित्रांनी चळवळ सुरू केली, ती ‘कॅमरा’ नावाने प्रसिद्ध आहे. ग्राहकांनी चालवलेली एवढी मोठी संघटना दुर्मीळच. १९८९ मध्ये सरकारने बड्या ब्रुअऱ्यांच्या हातातील पबांच्या संख्येला मर्यादा घातली. पब ब्रुअऱ्यांकडून सुटले आणि पबमालक कंपन्यांच्या हाती गेले. २००२ साली छोट्या भट्ट्यांवरचा कर निम्मा केला आणि गल्लोगल्ली भट्ट्या पेटल्या. त्यांची बिअर ती क्राफ्ट बिअर. क्राफ्ट म्हणजे हातचे कसब. हा शब्द ज्यांचा होता ते सुतार, शिंपी, जुळारी आपल्या संघांना ‘क्राफ्ट युनियन’ म्हणत. आज एका मोठ्या पबमालक कंपनीने आपल्या पबांच्या एका साखळीला हेच नाव दिले आहे. तिथला पब चालवणारा कंपनीचा नोकर नव्हे, स्वयंरोजगारी समजला जातो. विक्रीतला ठराविक टक्का त्याचा आणि त्यातून हाताखालच्या माणसांचे पगार त्यानेच द्यायचे. ज्यांनी हा शब्द हयातभर जपला ते कार्पेंटर्स आर्म्समधले म्हातारे हे ऐकून आपला पेला खाली ठेवतील.

जुन्या जागांचे नूतनीकरण वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मार्बल आर्चची वीट न वीट जपली आहे, इमारत सरकारच्या संरक्षित यादीत आहे. आमच्याकडे काय झाले? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे सर्वांना ठाऊक आहेत. २०१३ साली मुंबईतले पहिले ब्रूपब निघाले ते लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात. नाव मिलचे राहिले, पण मागांचा खडखडाट कुठे होता हे दाखवणारी फरशीसुद्धा नाही. ज्या बायकांच्या खानावळींनी संपात महिनोन् महिने उधारीवर कामगार जगवला, त्यांची पाटी तर कुठल्याच भिंतीवर नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, म्हणून निदान नाव तरी उरले. इमारत जपण्यासाठी मोठा कायदा नि पैसा लागतो असे नाही. लंडनमधील नन्हेड येथल्या ‘आयव्ही हाउस’ या पबाची विक्री होऊ लागली, तेव्हा २०११ च्या स्थानिक हक्कांच्या कायद्याचा आधार घेऊन वस्तीतल्या लोकांनी भाग गोळा केले आणि २०१३ साली तो पब सहकारी तत्त्वावर स्वतःच चालवायला घेतला. सहकाराची मातृभूमी जे रॉचडेल, ते मार्बल आर्चसमोरच्या रस्त्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे.

बारच्या पलीकडच्या माणसाचे मात्र अजून पुरते निभावलेले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रायटन येथील दोन पबांतील कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. त्यांना संघटित करणारी युनियन मूळची बेकरी कामगारांची. पाव भाजणाऱ्यांनी बिअर ओतणाऱ्यांना हात दिला. २०२१ च्या जूनमध्ये क्राफ्ट बिअरच्या एका सुप्रसिद्ध कंपनीतील साठाहून अधिक माजी कामगारांनी उघड पत्र लिहून तिथल्या भीतीच्या वातावरणाविषयी तक्रार केली. ज्या कंपनीची सारी जाहिरात बंडखोरीवर चालली होती, तिच्याच घरातले हे बंड. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे नवा कायदा अमलात आला : गिऱ्हाइकाने ठेवलेली बक्षिसी मालकाने हडपायची नाही, ती सगळीच्या सगळी कामगारांत रास्तपणे वाटायची. सव्वाशे-दीडशे वर्षे अपवादात राहिलेल्या कामगाराच्या नावाने एक कायदा झाला. त्यात वाटपाची लेखी नोंद ठेवण्याचे बंधन आहे. म्हणजे पबात पुन्हा एक वही आली. शिंप्यांची वही शिंप्यांच्या हाती होती. ही मालकाच्या हाती राहते, तीन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि कामगाराला ती पाहण्याची मागणी तीन महिन्यांतून एकदा करता येते.